उंटाच्या माथ्यावरची चीर

बुद्धिबळाच्या डब्यातून एक उंट काढा.

काळा घ्या किंवा पांढरा. लाकडाचा असो, प्लास्टिकचा असो. पट मांडायचा नाही, डाव खेळायचा नाही. हा एकच मोहरा पुरे.

हाताशी डबा नसेल तर डोळे मिटा आणि आठवा. इतक्या वेळा उचललेला मोहरा बोटांच्या लक्षात असतोच.

त्याला तळहातावर आडवा ठेवा.

आता काही करू नका.

त्याचं वजन जाणवू द्या. आधी तो जरासा गार लागतो. मग हाताची ऊब हळूहळू त्याच्यात उतरते.

श्वास आत येतो. श्वास बाहेर जातो. मोहरा तळहातावर आहे.

घाई कसलीच नाही.

*

अंगठा त्याच्या बैठकीवर ठेवा.

तळाला बनातीचा तुकडा चिकटवलेला असेल. मऊ. त्यावरून एकदा बोट फिरवा.

मग सावकाश वर या. रुंद बैठक. वर निमुळतं होत गेलेलं अंग. गळ्याशी एकावर एक कडी. त्यावर फुगीर डोकं. शेंड्यावर बारीकसा मणी.

आणि डोक्याच्या एका अंगाला तिरकी चीर.

इथे थांबा.

चिरेत नख घाला. जेमतेम मावतं. लाकडी मोहरा असेल तर चिरेच्या कडा बाकीच्या अंगाइतक्या गुळगुळीत लागत नाहीत. सगळं अंग कातारी लेथवर फिरवून काढतो. चीर मात्र मागाहून वेगळी मारावी लागते.

लहानपणापासून आपण याला उंट म्हणत आलो.

जरा नीट पाहा. कुबड कुठे आहे? लांब मान? चार पाय?

नसू देत. उत्तराच्या मागे लागू नका. नख चिरेत राहू द्या. प्रश्नही तसाच राहू द्या.

ही चीर कशाची?

*

एक पाऊल मागे जाऊ.

साल 1849. शहर लंडन.

खेळांचं सामान बनवणाऱ्या जॅक्स यांच्याकडे नव्या घडणीचे मोहरे विकायला येतात. नथॅनियल कुक यांनी 1 मार्चला हा आकार आपल्या नावावर नोंदवून घेतला आहे. हॉवर्ड स्टाँटन हे त्या काळचे नावाजलेले खेळाडू. संचाला त्यांचं नाव मिळतं.

त्याआधी जागोजागी वेगवेगळे संच आहेत. उंच, नाजूक, कड्यांनी भरलेले. हात लागला की कलंडतात. परगावहून आलेल्या खेळाडूला तर कोणता मोहरा कोणता, हेच आधी विचारावं लागतं.

नवा संच ठेंगणा आहे. बैठक पक्की. राजाच्या डोक्यावर क्रूस. आपल्या वजिराच्या जागी राणी, तिला मुकुट. आपल्या हत्तीच्या जागी दगडी बुरूज. घोड्याचं डोकं अथेन्सच्या पार्थेनॉनमधल्या शिल्पावरून उचललं, असं सांगतात.

आणि तळहातावरचा हा मोहरा?

त्याच्या डोक्यावर टोपी आहे. ख्रिस्ती धर्मगुरूची, बिशपची. पुढे एक टोक, मागे एक टोक, मध्ये फट.

नखाला पुन्हा विचारा. हीच ती फट.

हा बिशप आहे.

एक श्वास घ्या. उंटाला काही क्षण बिशप होऊ द्या. त्याला अंगरखा येऊ द्या, मेणबत्तीचा वास येऊ द्या, उंच छताखालची गार सावली येऊ द्या.

आता तळहाताकडे लक्ष द्या. वजन तेवढंच आहे.

*

आणखी मागे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला लुईस नावाचं बेट. वारा, वाळू, राखाडी समुद्र.

1831 साली तिथल्या उइगच्या किनाऱ्यावर मोहऱ्यांचा साठा सापडतो. बहुतेक मोहरे वॉलरसच्या सुळ्यातून कोरलेले. बाराव्या शतकातले, बहुधा नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमला घडलेले. आज त्यांतले बरेचसे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि 11 नग एडिंबरात.

साठ्यात 16 बिशप आहेत.

त्यांतला एक डोळ्यांसमोर आणा. हाताच्या बोटाएवढा. घाई न करता पाहा.

डोळे मोठे, समोर रोखलेले. डोक्यावर बसकी, टोकदार टोपी. पाठीवर टोपीच्या दोन फिती सुटलेल्या. एका हातात वळलेल्या टोकाची काठी. दुसरा हात आशीर्वादासाठी वर.

त्याचे काही सोबती बसलेले आहेत, काही उभे. कोणाच्या हातात ग्रंथ आहे. चेहऱ्यावर हसू नाही, रागही नाही.

तो तुमच्याकडे बघतो. तुम्ही त्याच्याकडे बघा.

शेजारी राणी गालाला हात लावून बसली आहे. कोपऱ्यातले काही शिपाई ढालीची कड दातांत धरून उभे आहेत. मन तिकडे ओढ घेईल. घेऊ द्या. मग त्याला हळूच बिशपपाशी परत आणा.

आणि एक गोष्ट मनात ठेवा. हा बिशप सुळ्यातून कोरलेला आहे.

श्वास आत. श्वास बाहेर.

*

आता दक्षिणेला उतरू. ऊन वाढतं. समुद्र निळा होतो.

इटलीतलं सालेर्नो. अकराव्या शतकाची अखेर. कारागीर हस्तिदंत कोरतो आहे. पांढरा भुगा त्याच्या मांडीवर साचतो आहे.

त्या घडणीचे 16 मोहरे आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत. त्यांना सम्राट शार्लमेनचं नाव चिकटलं आहे. शार्लमेन 814 सालीच वारला. हे मोहरे त्याने पाहिलेलेच नाहीत.

त्यांत आपला बिशप शोधा.

राजा आहे. राणी आहे. घोडेस्वार आहेत. रथ आहेत.

बिशप सापडत नाही.

त्याच्या जागी हत्ती उभे आहेत. चार हत्ती. भरीव, जड, सोंड असलेले.

पुढे 1283 मध्ये कॅस्टीलचा राजा दहावा अल्फोन्सो खेळांवर एक मोठा ग्रंथ करवून घेतो. त्यातही या मोहऱ्याचं रूप हत्तीचंच सांगितलं आहे. पाठीवर गढी, गढीत हत्यारबंद माणसं.

उत्तरेला बिशप. दक्षिणेला हत्ती. पटावरचं घर मात्र तेच. एक राजाच्या बाजूला, एक राणीच्या.

तळहातावरच्या मोहऱ्याला आता हत्ती होऊ द्या.

त्याचं वजन किंचित वाढल्यासारखं वाटतं का? वाटलं तर वाटू द्या.

*

पूर्वेकडे चला.

इराणातलं निशापूर. बारावं शतक. झिलई चढवलेल्या, भाजलेल्या मुशीतल्या मोहऱ्यांचा एक संच. एका बाजूचे फिरोजी, दुसऱ्या बाजूचे गडद. आज हा संच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

यांना चेहरे नाहीत. डोळे नाहीत. कोणी तुमच्याकडे बघत नाही.

राजा म्हणजे सिंहासनाचा उंचवटा. घोडा म्हणजे पुढे आलेलं त्रिकोणी टोक. कोपऱ्यातला रुख म्हणजे माथ्यावर खाच मारलेला ठोकळा. प्यादं म्हणजे छोटा घुमट.

माणसाची, जनावराची प्रतिमा करू नये, ही धार्मिक भावना यामागे होती असं सांगतात. असा मोहरा पटकन होतो आणि स्वस्तात पडतो, हेही आहेच.

कारण काही असो. आपण आकारापाशी राहू.

यातला हत्ती बघा. त्याला फील म्हणतात. गोल, गुळगुळीत, मुठीत सहज मावणारा. वरच्या अंगाला, पुढे, दोन टेंगळं आलेली. बाळाच्या हिरडीतून दुधाचे दात वर यावेत तशी.

हे त्याचे सुळे.

सगळ्या हत्तीतून एवढंच उरलं आहे. सोंड गेली, कान गेले, पाय गेले, माहूत गेला. दोन टेंगळं राहिली.

इथे जरा जास्त वेळ बसू.

डोळे मिटा. मनातल्या मनात त्यांना बोट लावा. एक टेंगूळ. मग खोलगट जागा. मग दुसरं टेंगूळ.

एक. जागा. दुसरं.

पुन्हा एकदा. सावकाश.

एक. जागा. दुसरं.

*

असा एक मोहरा आता व्यापाऱ्याच्या गाठोड्यात ठेवा.

त्याला प्रवासाला जाऊ द्या. बंदरातून बंदरात. स्पेनमार्गे, सिसिलीमार्गे, उत्तरेकडे. उन्हाकडून धुक्याकडे.

शेवटी तो एका माणसाच्या हातात पडतो. या माणसाने जन्मात हत्ती पाहिलेला नाही.

तो मोहरा फिरवून फिरवून बघतो. त्याला सुळे कसे दिसतील? त्याला दोन टोकं दिसतात. दोन टोकं आणि मधली फट त्याच्या ओळखीची आहे. मोठ्या सणाला, चर्चमध्ये, वेदीसमोर त्याने ती पाहिली आहे.

तो म्हणतो, बिशप.

फ्रान्समध्ये आणखी कोणी तोच आकार हातात घेतो. त्याला ती विदूषकाची टोपी वाटते. फील हा शब्दही त्याच्या जिभेवर येता येता बदलतो. तिथे आजही या मोहऱ्याला फू म्हणतात. फू म्हणजे विदूषक, वेडा.

स्पेनमध्ये अल-फील हा अरबी शब्द कानाला जसा आला तसा राहतो. अल्फिल. त्याचा हत्तीशी संबंध खेळणाऱ्याच्या मनात उरलेला नसतो.

नख चिरेत आहे ना?

सुळ्यांच्या मधली मोकळी जागा पुढे टोपीची फट झाली, असं अनेक अभ्यासक मानतात. तुमचं नख आत्ता त्या मोकळ्या जागेत आहे.

काही बोलू नका. नख तिथेच असू द्या.

एक श्वास. आणखी एक.

*

अजून थोडं मागे जायचं आहे.

समरकंदजवळचं अफ्रासियाब. जुन्या शहराचं टेकाड. 1977 साली तिथल्या उत्खननात सात छोटे मोहरे हाती लागतात. सातव्या-आठव्या शतकातले. जगातल्या सर्वांत जुन्या मोहऱ्यांमध्ये त्यांची गणना होते.

मातीचा वास घ्या. ब्रश हळूच फिरतो आहे. मातीतून पिवळसर पांढरं काहीतरी वर येतं.

सातांमध्ये एक हत्ती आहे.

तो हस्तिदंताचा आहे. हत्तीच्या दातातून काढलेला हत्ती.

यापाशी बसा. याचा अर्थ लावायचा नाही. नुसतं बसायचं.

*

आणि मग आपली भूमी.

सातव्या शतकात बाणभट्ट हर्षचरित लिहितो. त्यात चतुरंग आणि अष्टापद यांचा उल्लेख येतो. अष्टापद म्हणजे आठ गुणिले आठ घरांचा पट. काळीपांढरी घरं अजून यायची आहेत. ती पुढे युरोपात येतील. हा पट एकरंगी आहे. नुसत्या रेघा.

रेघांवर चार अंगांचं सैन्य. हत्ती, घोडे, रथ, पायदळ. मध्ये राजा, त्याच्याजवळ मंत्री.

सैन्याचा गलबला मनात उठेल. घोडे खिंकाळतील, चाकं करकरतील. उठू द्या आणि ओसरू द्या.

मग हत्तीकडे कान द्या.

त्याच्या पावलाचा आवाज येत नाही. एवढं अवाढव्य जनावर, पण तळपाय गादीदार. पाऊल टेकतं, पसरतं आणि गप्प होतं. जंगलात तो चार हातांवर येऊन उभा राहिला तरी पत्ता लागत नाही.

ऐका. पाऊल टेकतं. पसरतं. गप्प होतं.

श्वासही तसाच येऊ द्या. टेकू द्या. पसरू द्या. गप्प होऊ द्या.

*

हा हत्ती पटावर चालतो कसा?

1030 च्या सुमारास अल-बिरुनी हा विद्वान हिंदुस्थानातल्या खेळाचं वर्णन करतो. त्याने पाहिलेला हत्ती एका वेळी एकच घर जातो. चार तिरक्या दिशांना एकेक घर, किंवा सरळ पुढे एक घर. चार दिशा म्हणजे चार पाय. पुढचं घर म्हणजे सोंड.

ब्रह्मदेशच्या आणि थायलंडच्या जुन्या बुद्धिबळात आजही एक मोहरा असाच चालतो.

आपण पाच श्वास घेऊ.

पहिला श्वास. उजवा पुढचा पाय.

दुसरा. डावा पुढचा.

तिसरा. उजवा मागचा.

चौथा. डावा मागचा.

पाचवा श्वास जरा लांब घ्या. सोंड पुढे येते. हवेत काहीतरी हुंगते.

आता हात सैल सोडा.

*

इराणात आणि अरबस्तानात फीलची चाल वेगळी आहे. तो तिरका दोन घरं उडी मारतो. मधल्या घरात कोणी असलं तरी अडत नाही.

मनात पट मांडा. हत्ती त्याच्या घरात उभा करा. एक उडी. दुसरी. तिसरी. जिथे जिथे तो पोचू शकतो तिथे तिथे एकेक दाणा ठेवत चला.

आठ दाणे पडतात. 64 घरांपैकी फक्त आठ. आयुष्यभर त्याला एवढीच घरं.

दोन्ही बाजूंचे मिळून चार हत्ती. प्रत्येकाची आठ घरं वेगळी. एकाच्या घरात दुसऱ्याचं पाऊल कधी पडत नाही. डाव कितीही लांबला तरी हत्ती हत्तीला मारू शकत नाही.

चार हत्ती. एकाच पटावर. कधीच न भेटणारे.

हे चित्र थोडा वेळ डोळ्यांसमोर राहू द्या. त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका, बरंही वाटून घेऊ नका. चौघं आपापल्या घरांत उभे आहेत. तुम्ही बघता आहात.

*

पंधराव्या शतकाच्या अखेरीला, स्पेन-इटलीकडे, चाल बदलते.

दोन घरांची उडी जाते. तिरकी वाट मोकळी होते. वाटेत कोणी नसेल तर पटाच्या टोकापर्यंत जा. 1497 मध्ये सालामांकात लुसेनाचं बुद्धिबळावरचं पुस्तक छापलं जातं. त्यात जुनी चाल आणि नवी चाल, दोन्हींचे डाव शेजारी शेजारी आहेत.

रिकाम्या पटाच्या मध्यावर आपला मोहरा ठेवा. आता तो 13 घरांवर नजर ठेवून आहे. कोपऱ्यात नेला तर सातांवर.

नजर तिरकी सोडा. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. अडथळा नाही. सावकाश जा, सावकाश या.

एक गोष्ट मात्र राहिली. पांढऱ्या घरातला पांढऱ्यातच राहतो. काळ्या घरातला काळ्यातच. 32 घरं त्याची. शेजारच्या 32 घरांच्या कडेला कड लागलेली, पण तिथे तो कधी पाऊल ठेवत नाही.

पोटात हवा भरते. पोट खाली बसतं. मोहरा हातात आहे.

*

आता घराकडे या.

आपल्या पटावर कोपऱ्यात हत्ती. त्याच्या शेजारी घोडा. मग उंट. मध्ये राजा आणि वजीर. समोर आठ प्यादी.

रथ कुठे गेला?

केरळात तो अजून कोपऱ्यात आहे, आणि हत्ती त्याच्या जुन्या घरात. बंगालमध्ये कोपऱ्यात नाव आली आहे, हत्ती तिथेही जुन्या घरातच. आपल्याकडे हत्ती सरकून कोपऱ्यात गेला, आणि त्याच्या सुटलेल्या घरात उंट येऊन बसला.

उंट आपल्याला परका नव्हता. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांची यादी आठवा. त्यात पीलखाना आहे, हत्तींचा. पील म्हणजे तोच, निशापूरचा फील. आणि त्याच यादीत उष्ट्रखानाही आहे, उंटांचा. पुढे पेशवाईत लांबची खबर घेऊन सांडणीस्वार दौडत.

सांडणी दौडते आहे. धूळ उठते. खबर कोणती, ते आपल्याला माहीत नाही. नुसती दौड बघा. लांब, तिरकी, सलग.

जर्मन माणूस याच मोहऱ्याला धावणारा म्हणतो. फिनलंडमध्ये तो दूत आहे. रशियात मात्र तो आजही हत्तीच आहे.

धावणारा. दूत. हत्ती. विदूषक. बिशप. उंट.

एकेक नाव तळहातावर ठेवा. एकेक उचलून घ्या.

मोहरा हलत नाही.

*

एक शेवटची जागा पाहू.

अमृतसर. अरुंद गल्लीतला कारखाना. लाकडाच्या भुश्शाचा गोड वास. लेथची एकसुरी घरघर.

जगभर खेळले जाणारे स्टाँटन घडणीचे लाकडी मोहरे इथे होतात. घोड्याचं तोंड कारागीर पटाशीने हाताने कोरतो. त्यात सगळ्यात जास्त कसब लागतं. बाकीचे मोहरे लेथवर उतरतात.

एक मोहरा आत्ताच उतरला आहे. अजून ऊन आहे. त्याचं डोकं गुळगुळीत आहे. चीर नाही.

या क्षणी तो कोणीच नाही.

हा क्षण थोडा लांबवा. आपल्या पटावर तो उंट होईल, लंडनच्या दुकानात बिशप, मॉस्कोत हत्ती. अजून त्यातलं काही घडलेलं नाही. एक लाकडाचा तुकडा. त्याची गोलाई. त्याची ऊब.

मग पातं टेकतं. करकर असा बारीक आवाज. थोडा भुसा गळतो.

चीर पडली.

कारागीर फुंकर मारतो आणि पुढचा मोहरा घेतो.

*

तुमच्या तळहाताकडे परत या.

चीर तीच आहे. आपण सुरुवातीला विचारलेला प्रश्न आता विचारून पाहा. ही चीर कशाची?

सुळ्यांमधली जागा म्हणालात, बरोबर आहे. बिशपच्या टोपीची फट म्हणालात, तेही बरोबर आहे. उंटाला चीर का, ते आपल्याला ठाऊक नाही, तरी तो उंटच आहे, आणि तेही बरोबर आहे.

ज्याच्या हातात मोहरा आला, त्याने आपल्या डोळ्यांना जे दिसलं ते सांगितलं. कोणाला वेदीसमोरचा धर्मगुरू आठवला, कोणाला दरबारातला विदूषक, कोणाला फौजेतला उंट. इतक्या देशांत, इतक्या शतकांत हा मोहरा टिकला तो असा. त्याला नीट पाहणारा माणूस प्रत्येक ठिकाणी भेटला.

एक लांब श्वास घ्या. सोडा.

हाताची मूठ मिटा. उघडा.

मोहरा डब्यात ठेवायला हरकत नाही.

घरात लहान मूल असेल, तर त्याला नावं आणि चाली शिकवण्याआधी सगळे मोहरे त्याच्यासमोर ओता. त्याला हवा तो उचलू द्या, उलटासुलटा करू द्या, तोंडात घालणार नाही एवढं मात्र बघा. मग विचारा, हे काय आहे? ते जे सांगेल ते ऐकून घ्या आणि दुरुस्त करू नका. उंट, घोडा, हत्ती शिकायला पुष्कळ वेळ पडला आहे.